भाताच्या शेतातलं थेटर

थेटरात काम केलेल्या माणसाला किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. शो सुटल्यावर बाकांखाली तिकिटांचे तुकडे, शेंगांची टरफलं, एखादं लहान मुलाचं टोपडं सापडतं ना, तसे ते आपोआप मागे राहतात. जितका झाडू मारावा तितके जास्त निघतात. आमच्या मरोळच्या थेटराचे माझ्याकडे पोतंभर आहेत. पण आज एकाच आठवड्याचे सांगतो, कारण तसा आठवडा मला पुन्हा बघायला मिळाला नाही.

काळ पन्नास सालानंतरचा, दारूबंदीचा. अंधेरीच्या पूर्वेला तेव्हा नजर जाईल तिथवर भातशेती होती. मी मूळचा मालवणकडचा, थेटरात ऑपरेटर, म्हणजे मशीनवर सिनेमा चालवणारा. मालक आंतोनशेट, मरोळ गावठाणातला ख्रिश्चन माणूस. तरुणपणी तंबू आणि हाताने फिरवायचं मशीन घेऊन जत्रांतून सिनेमे दाखवत हिंडलेला. त्याच्या बायकोचं नाव रोझा. मी तिला मावशी म्हणायचो आणि दोन्ही वेळा तिच्याच हातचं जेवायचो.

थेटर उभं होतं ते रोझामावशीच्या शेतात. तिच्या बापाने लग्नात लेकीला दिलेलं शेत. बापाने तिथे शेवटचं भात कापलं, पुढच्या उन्हाळ्यात तो वारला, आणि आंतोनशेटने मावशीला न विचारता भिंती चढवल्या. तेव्हापासून तिने त्या जागेत पाऊल टाकलं नव्हतं. रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची, गेटच्या बाहेर उभी राहायची आणि तिथूनच हाक मारायची.

खालच्या क्लासला फरशी नव्हती, नुसती माती. लोक खाली बसायचे. पावसाळ्यात पडद्याच्या पायथ्याशी भाताची रोपं उगवून यायची. एवढी वर्षं माणसांनी तुडवलेली माती, तरी यायची! शिट्ट्या मारणारं, पडद्यावर पैसे फेकणारं आमचं पब्लिक, पण त्या हिरव्या पट्ट्याला जागा सोडून बसायचं. मी केबिनच्या खिडकीतून बघत राहायचो.

थेटराचा वाढदिवस आला तेव्हा आंतोनशेटने आठवडाभर रोज वेगळा सिनेमा आणि रोज काहीतरी खास कार्यक्रम ठरवला. साकीनाक्याकडचा एक व्यापारी गोदामासाठी ती जागा मागत होता. शेट मला म्हणाला, "बाबल्या, या आठवड्यात ती एकदा आत आली पाहिजे. नाय आली, तर देऊन टाकतो जागा. जिथं माझी बायको येत नाय, तिथं मी गावाला कशाला बोलावू?"

मग मलाही घोर लागला.

*

सिनेमाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. पहिल्या दिवशी पौराणिक लावला होता. लोकांनी चपला बाहेर काढल्या आणि गेटपाशी चपलांचा ढीग लागला. बायका ताम्हनात निरांजन घेऊन आल्या. पडद्यावर देव प्रकटला तशी अख्खा खालचा क्लास उठून उभा राहिला, आणि समोर नारळ फुटायला लागले.

इंटरव्हलला एक म्हातारी जिना चढून धापा टाकत केबिनच्या दारात आली. मला वाटलं, हिला बाहेर जायची वाट सापडत नाही. तिने मशीनकडे बोट केलं. "देव इथनंच निघतो ना रे बाबा?"

काय सांगणार? म्हटलं, हो आजी, इथूनच.

तिने मशीनला हळद-कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला, मग माझ्या पायांकडे पाहिलं. पायात चपला होत्या. ती तशीच जिना उतरून गेली. पण त्या दिवसापासून मी केबिनमध्ये चपला घालणं सोडलं, ते नोकरी सुटेपर्यंत.

संध्याकाळी चपलांच्या ढिगात कोणाची कोणाला मिळेना. मावशी रस्त्यापलीकडे घराच्या ओट्यावर बसून सगळं बघत होती. आत मात्र आली नाही.

*

शनिवारी दुपारी फक्त बायकांचा शो. पुरुष म्हणून आत मी एकटा, तोही केबिनमध्ये कोंडलेला. आंतोनशेटचा बेत असा, की गावठाणातल्या झाडून सगळ्या बायका निघाल्या की मावशी एकटी किती वेळ घरी बसेल! त्याने चार जणींना तिला ओढून आणायलाही सांगून ठेवलं होतं.

बायकांच्या शोला एक कायमचा वैताग असे. मुलं रडायची. कोणाचं फारच रडायला लागलं, तर आम्ही काचेच्या पट्टीवर शाईने लिहून ते पडद्यावर दाखवायचो, की अमक्या रांगेतल्या बाईंनी कृपया बाळाला बाहेर न्यावं. त्या दिवशी मी काचा पुसून, दौत उघडून तयार बसलो होतो.

शो सुरू झाला. रडण्याचा आवाजच नाही! हिरॉइनची सासू तिला घराबाहेर काढते, बायका डोळ्यांना पदर लावतात, आणि सगळीकडे अशी शांतता की मशीनची घरघर खाली ऐकू जावी. मला वाटलं, आज कोणी मुलं आणलीच नाहीत.

मागच्या खिडकीतून डोकावलो. गेटच्या बाहेर, चिंचेच्या सावलीत मावशीने मोठी चटई अंथरली होती. त्यावर मरोळातली यच्चयावत पोरं ओळीने झोपलेली. त्या चार जणी तिला ओढायला गेल्या, तर तिने त्यांच्याच कडेवरची पोरं घेतली आणि त्यांना आत पिटाळलं. मग बाकीच्याही आपापली देऊन गेल्या.

आंतोनशेट कपाळाला हात लावून गेटमध्ये उभा होता. मावशी चटईकडे बघत त्याला म्हणाली, "तुझ्या शोपेक्षा माझा शो फुल हाय."

*

रविवारी सकाळी वेसाव्याच्या कोळ्यांसाठी दर्याचा सिनेमा. बैलगाड्या भरून मंडळी आली. त्यांचा म्होरक्या धर्मा, मावशीच्या घरी मासळी द्यायचा. दर्यात जन्म गेलेला म्हातारा, पण सिनेमा पहिल्यांदाच बघत होता.

पडद्यावर वादळ उठलं. हिरोची होडी लाटांवर उडायला लागली आणि तो वेडा शीड तसंच ठेवून हिरॉइनला हाका मारतोय. धर्मा ताडकन उठला. "शीड उतरव रे पोरा, शीड उतरव!"

त्याच्यामागे सगळे कोळी उठले. शंभर घशांतून एकच आरोळी. बायका रडायला लागल्या, कारण त्यांच्यातल्या कितीकांच्या घरी असं कोणीतरी दर्यात गेलेलं होतं. आणि पडद्यावर हिरोने मान वर केली, दोर सोडला, शीड खाली घेतलं.

थेटरात एकदम सगळं शांत झालं. धर्मा हळूच खाली बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ऐकला रे पोरानं."

मी तो सिनेमा आधी पाहिलेला होता. शीड उतरणार हे मला ठाऊक होतं. तरी देवाशपथ सांगतो, त्या दिवशी त्याने धर्माचं ऐकूनच उतरवलं.

बाहेर आल्यावर धर्मा थेट मावशीच्या ओट्यावर गेला. म्हणाला, एकदा जाऊन बघ, खराखुरा दर्या आणलाय तुझ्या नवऱ्याने. मावशी म्हणाली, "तुझा दर्या जागेवर हाय, धर्मा. माझं शेत कुठं हाय? ते दाखव म्हणावं, मी येते."

गेटमध्ये उभ्या असलेल्या आंतोनशेटने ते ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

*

सोमवारी गाण्यांचा सिनेमा होता आणि मध्येच माझ्या मशीनमधला आवाजाचा छोटा दिवा उडाला. चित्र चालू, आवाज बंद. दुसरा दिवा आणायला माणूस सायकलवरून अंधेरीला पिटाळला. खाली बोंबाबोंब होणार म्हणून मी कानात बोटं घालून बसलो.

बोंब झालीच नाही. पुढचं गाणं आलं, हिरॉइनचे ओठ हलले, आणि खालच्या क्लासने ते गाणं उचललं. सिनेमा लोकांना इतका पाठ होता की डायलॉगही तेच बोलायला लागले. हिरोचं एकाने, बापाचं दुसऱ्याने, आणि व्हिलनचं काम चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी घेतलं. इतके सज्जन गृहस्थ, पण काय हसले!

दिवा आला, मी बसवला, खरा आवाज सुरू झाला. तर खालून ओरड, "बंद कर रे, आमचं झकास चाललंय!"

पण मला सांगायचंय ते वेगळंच. शेवटचं गाणं लोकांनी असंच म्हटलं, आणि ते संपल्यावरही रस्त्यापलीकडून एका बाईचा आवाज एक ओळ पुढे जात राहिला. मग चपापून थांबला. आंतोनशेट जिन्यात उभा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाज मावशीचा होता.

*

मंगळवारी आणि बुधवारी काय लागलं होतं ते मला खरंच आठवत नाही. शेट थेटरात नव्हताच. तो अंधेरीच्या एका स्टुडिओत नाईक नावाच्या कॅमेरामनला गाठायला गेला होता. पूर्वी कुठल्याशा सिनेमासाठी या नाईकांनी मरोळात येऊन भातकापणीचं शूटिंग केलं होतं. सिनेमा पुरा झाला नाही आणि ते रीळ नाईकांच्या ट्रंकेत पडून राहिलं. कापणी होती मावशीच्याच शेतातली, तिचा बाप असतानाची, शेवटची.

बुधवारी संध्याकाळी शेट रीळ छातीशी धरून आला. माझ्या मशीनवर लावूया म्हटलं, तर नाही म्हणाला. जत्रेतलं आपलं जुनं हाताचं मशीन त्याने काढलं, तेल घातलं, केबिनमध्ये माझ्या मशीनशेजारी मांडलं. "हे मीच फिरवणार."

गुरुवारी, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी सगळं गावठाण येऊन बसलं. व्यापारीही आला होता, उत्तर घ्यायला. आंतोनशेट गेटपाशी गेला आणि रस्त्यापलीकडे म्हणाला, "रोझा, तुझा बाप आलाय."

मावशी तशीच उठली. गेटपाशी आली, थांबली. मग तिने चपला काढल्या, शेतात शिरताना काढतात तशा, आणि अनवाणी आत गेली. लोकांनी सरकून वाट दिली. कोणीतरी खुर्ची पुढे केली, तिने घेतली नाही. पडद्यासमोर मातीत उभी राहिली.

शेट धावत वर आला, दिवा लावला, हँडल धरलं.

पडद्यावर शेत उभं राहिलं. पिकलेलं, वाऱ्यावर हलणारं. तिचा बाप बांधावरून आला, कमरेचा विळा काढला, पहिली मूठ धरली आणि कापली. मागे तरुण मावशी पेंढ्या बांधत होती. म्हातारा कापत कापत पुढे सरकला, त्याच्यामागे शेत मोकळं होत गेलं. शेवटी नुसती खुंटं उरली. म्हातारा कॅमेऱ्याकडे बघून हसला, आणि रीळ संपत आलं.

मावशी वळली. तिने केबिनच्या खिडकीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ती त्या जागेत पहिल्यांदा बोलली.

"कापायला सगळ्यांना येतं, आंतोन. आता उभं कर."

मी शेटकडे पाहिलं. ते मशीन उलटं फिरवायचं नसतं. फिल्म अडकली तर दिव्याच्या आचेने पेट घेते आणि सगळंच जातं. शेट म्हणाला, "बाबल्या, वरची चक्री हाताने गुंडाळ." आणि त्याने हँडल उलट्या दिशेने फिरवायला घेतलं.

म्हातारा हसताहसता पुन्हा वाकला. पेंढ्या सुटल्या, पसरल्या. काड्या जमिनीवरून उठून त्याच्या मुठीत गेल्या, विळा त्यांच्यावरून मागे फिरला, आणि मूठ सुटली तेव्हा भात जागच्या जागी उभं होतं. मूठ मूठ करत तो मागे मागे जात राहिला आणि त्याच्यापुढे शेत भरत गेलं. शेवटची मूठ उभी करून त्याने विळा कमरेला खोचला आणि उलट्या पावलांनी चालत बांधापलीकडे गेला. मागे राहिलं ते सगळं शेत, न कापलेलं, वाऱ्यावर हलत.

मावशी खाली मातीत बसली.