टोकाची गाडी

सव्वीस वर्षं बाई बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसल्या, आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या गाड्या त्यांनी नुसत्या तोंडाने हाकल्या. खोली कसली, खोका. एक टेबल, डुगडुगता पंखा, धूळ बसू नये म्हणून रुमाल गुंडाळलेला माईक. त्याची तार किनाऱ्यावरच्या सगळ्या स्थानकांच्या नि थांब्यांच्या भोंग्यांना जोडलेली. घरी त्यांचा आवाज मांजरासारखा. माईकसमोर मात्र असा खणखणीत की झोपलेला प्रवासी उठून चप्पल शोधायला लागे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. टोकाला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." यातला 'लागत आहे' त्या असा लांबवायच्या की गाडी खरंच हळूहळू लागतेय असं वाटावं.

किनाऱ्याचं ते टोक बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. महिन्यापूर्वी त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली, आणि पाठोपाठ खबर आली की सोमवारपासून टोकाची गाडी बंद. दिवसाला एकच गाडी, तीही रिकामी जाते म्हणून. मग बाईंनी भाचीची पाठपिशवी मागून घेतली. यजमान शिंपी. तोंडात टाचण्या धरूनच त्यांनी विचारलं, तिथे काय ठेवलंय, वाळूच ना, मग वाळू काय इथे मिळत नाही? बाई म्हणाल्या, बघितल्यावर सांगते.

दोन दिवस त्या साध्या गाड्या बदलत, केळी खात, स्थानकांवरच्या महिला विश्रांतीकक्षात पाठ टेकत किनाऱ्याने खाली आल्या. वाटेत दोन कॉलेजच्या मुली भेटल्या. त्यांच्याही पाठीवर बोचकी, खिसेही तसेच हलके. कुठली गाडी कुठे मिळेल हे बाईंना पाठ, त्यामुळे मुलींनी मोबाईल पिशवीत टाकला आणि बाईंचा पदर धरला.

रविवारी दुपारी तिघींना घेऊन निघालेली टोकाची शेवटची गाडी खाडीअलीकडच्या छोट्या स्थानकात थांबली. चहा घ्यायला वेळ आहे का, असं मुलींनी विचारलं. कंडक्टर सगळे शब्द एका दमात गिळणारा, "लौकरयाहंलौकर" म्हणाला. बाईंना ते पटलं नाही. वेळापत्रकात दहा मिनिटं होती आणि ती त्यांनी स्वतः रोज सांगितली होती. दहा म्हणजे दहा, असं म्हणून त्या मुलींना घेऊन उतरल्या. पिशव्या सीटवरच.

पण दहा मिनिटं कागदावरची. पुढचा पूल अरुंद, समोरून ट्रक आला की तासभर खोळंबा. म्हणून त्या वाटेवरचे सगळे ड्रायव्हर पाच मिनिटं इथेच वाचवत. हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक, फक्त खिडकीतल्या बाईंना नाही. बशीत चहा ओतला आणि गाडी धुरळा उडवत गेली. दुसरी गाडी आज नाही, उद्यापासून तर नाहीच. बाईंचा चेहरा बशीएवढा झाला. धाकट्या मुलीने बाईंचाच सूर काढून हळूच म्हटलं, "टोकाला जाणारी गाडी निघून जात आहे." मोठीने तिला कोपर मारलं, बाईंना मात्र फिस्सकन हसू आलं, आणि त्या हसण्यातच युक्ती सुचली.

त्या तडक नियंत्रकाच्या टेबलाशी गेल्या. नियंत्रक गृहस्थ डोळे मिटून हिशोब करत असल्यासारखे घोरत होते. बाईंनी फोन उचलला, पुलापलीकडच्या थांब्यावर लावला आणि तिथल्या माणसाला सांगितलं, रिसीव्हर माईकला लाव. त्याने आवाज ओळखला आणि लगेच लावला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. टोकाला जाणारी गाडी पुढील सूचनेपर्यंत इथेच थांबेल."

नियंत्रक खडबडून उठले आणि टोपी शोधू लागले.

मासळीच्या बर्फाचा टेम्पो त्याच बाजूला निघाला होता. बर्फाच्या पेट्यांवर गोणपाट टाकून तिघी बसल्या. खाली गारठा, वर ऊन. पूल येईपर्यंत तिघींची खालची बाजू इतकी बधिर झाली की कुणाची कुठली ते कळेना. पलीकडे गाडी उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून भोंग्याकडे बघत कंडक्टरला सांगत होता की मशीन बिघडलं असणार, जुन्या बाईंना परत बोलावलेलं दिसतंय.

"बोलावलं नाही. मीच आले," बाई टेम्पोतून उतरत म्हणाल्या.

ड्रायव्हरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला वेळ लागला नाही, बाई होत्याच तेवढ्या. "मावशी, एवढ्याशा? मला वाटायचं, दारातून आडव्या जात असाल."

बाईंनी आधी गाडीतल्या सहा उतारूंची माफी मागितली, मग दहा मिनिटांचा विषय काढला. ड्रायव्हरने कान धरले.

टोकाला एक पत्र्याची शेड, बाकावर एक कोंबडी, आणि पुढे रस्ता सरळ वाळूत शिरलेला. बस्स. बाईंनी चपला काढून कोंबडीशेजारी ठेवल्या, साडी खोचली आणि मुलींबरोबर पाण्यात गेल्या. गाडी इथून लगेच उलटी फिरते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बारा झाली. कंडक्टरने "चलाउशीरझाला" म्हणत घंटीच्या दोरीला हात घातला.

"दोरी सोड," ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात टाकून म्हणाला. "बाईंनी अजून सांगितलेलं नाही."

पाण्यातून बाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, आणि आणखी दोन पावलं पुढे गेल्या.