फोटोतली कुठाय?

चिकपेटेतल्या निम्म्या सुना माझ्या धाकट्या मामाने गोऱ्या केलेल्या होत्या. मी वाढवून सांगत नाही. तो तिथल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम करायचा. खिडकीपाशी तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल घ्यायची आणि चेहऱ्यावर मुंगीच्या पावलाएवढ्या रेघा मारत बसायचं, हा त्याचा उद्योग. निगेटिव्हवर जिथे शिसं बसतं, तिथे छापलेला फोटो उजळतो. म्हणजे काळं फासून माणसाला गोरं करणारा माझा मामा हा जगातला एकमेव इसम होता. लग्नाच्या मुलींच्या आया काउंटरवर वाकून हळूच म्हणायच्या, "अण्णा, स्वल्प." आमच्या कानडी शहरात स्वल्प म्हणजे थोडंसं. पण कुठल्या आईचं स्वल्प म्हणजे गव्हाळ आणि कुठल्या आईचं स्वल्प म्हणजे थेट काश्मीर, हे मामाला न सांगता कळायचं.

त्याच्या हातून गोरी झालेली पहिली मुलगी म्हणजे माझी आई. मामा तेव्हा सतरा वर्षांचा, नुकताच कामाला लागलेला. थोरल्या बहिणीचा फोटो पाठवायचा म्हटल्यावर आजोबा स्वल्पच म्हणाले होते, पण मामाने प्रेमाच्या भरात पोटभर पेन्सिल चालवली. त्या काळी आमच्यात पुष्कळ लग्नं फोटोवरच ठरायची. ह्या फोटोवर आईचं ठरलं. अंतरपाट दूर झाला, आणि माझ्या आजीने, म्हणजे आईच्या सासूने, भर मांडवात विचारलं, "ही कोण? फोटोतली कुठाय?" लोक हसले. लग्न लागलं. पण आजीला तो प्रश्न इतका आवडला, की पुढची सव्वीस वर्षं ती तो विचारत राहिली. आमटी खारट झाली की, "फोटोतलीला जमलं असतं." पाहुणे आले की, "ही सून, फोटोतली यायची राहिली." आई हसून पदर खोचायची आणि कुणी कॅमेरा काढला की तिला नेमकी गॅसवरच्या दुधाची आठवण व्हायची. आमच्या घरच्या कुठल्याही फोटोत ती नव्हती. मामाने लग्न केलंच नव्हतं, दोन्ही वेळ जेवायला आमच्याकडे असायचा, आणि आजीने तो प्रश्न विचारला की ताटातला भात उगाच कालवत बसायचा.

मग नव्वदनंतर आमच्या गल्लीत केबल आली, आणि मामा बिघडला. एका परदेशी वाहिनीवर दिवसभर गाणी लागायची. आम्ही गाणी ऐकायचो, मामा उजेड बघायचा. अमेरिकेतल्या काळ्या गायिका, मॉडेली, बास्केटबॉलवाले पडद्यावर आले की तो घास हातात धरून बसायचा. "बघ, बघ, गालाच्या हाडावर उजेड कसा घसरतोय बघ की! गोऱ्या कातडीवर उजेड नुसता पडतो. हिच्यावर तो राहायला आलाय." त्याने कधी कुणाची नावं लक्षात ठेवली नाहीत. "बाजूच्या उजेडाची", "मोठ्या बाळ्यांची", "टकल्या उंचेला" अशी त्याची आपली यादी होती. अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर जुनी परदेशी मासिकं मिळायची, ती तो दर रविवारी पिशवी भरून आणायचा. त्यातला मजकूर त्याने कधी वाचला नाही. इंग्रजी त्याला येत होतं, पण "लिहिणारे थापा मारतात, सावल्या मारत नाहीत" असं त्याचं म्हणणं.

हळूहळू उजेड अंगावर उतरला. नारिंगी शर्ट आले. जन्मभर खोबरेल चोपडून चापून बसवलेले कुरळे केस त्याने मोकळे सोडले, वाढवले आणि न्हाव्यापुढे मासिक उघडून सांगितलं, "असे. वरून सपाट." न्हाव्याने शेजारच्या दुकानदारांना बोलावून आणलं. मामा घरी आला तेव्हा डोक्यावर पाट ठेवून आल्यासारखा दिसत होता. चाळिशी उलटलेला माणूस. आजी म्हणाली, "ह्याची कुणी तरी दृष्ट काढा." मग एके दिवशी त्याने ट्रंकेतून पणजोबांची भिकबाळी काढून कानात घातली, कारण टकल्या उंचेल्याच्या कानात बाळी होती. गंमत म्हणजे देवळातले सगळे म्हातारे खूष झाले. धाकट्याला घराण्याची आठवण झाली, म्हणाले. मामाने त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

असल्या भक्तीत माणूस थोडा मूर्खही होतो, तसा मामाही झाला. एकदा स्टुडिओत एक आफ्रिकन मुलगा पासपोर्ट फोटोला आला. मामाने त्याला हाताला धरून बसवलं, कॉफी मागवली आणि विचारलं, "तुम्ही गाता की खेळता?" तो म्हणाला, "मी दाताचा डॉक्टर व्हायला आलोय." मामा ओशाळला. मुलगा केनियाचा होता. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची, घर भाड्याने मिळत नव्हतं, आणि आधीच्या तीन स्टुडिओंत त्याचे फोटो असे आले होते की डोळे आणि दात तेवढे दिसावेत. आमच्या स्टुडिओचे मालकही पुटपुटले, "असल्या चेहऱ्याचा असाच येणार." मामा दिवे हलवता हलवता थांबला. "चेहऱ्याला बोलू नका. दिवे आपण गोऱ्यांसाठी लावून ठेवलेत, त्यात त्याचा काय दोष?" एका पासपोर्ट फोटोला त्याने अख्खी दुपार लावली. फोटो हातात घेऊन तो मुलगा म्हणाला, "या शहरात आल्यापासून माझी आई मला ओळखेल असा हा पहिलाच फोटो." मामाने हे वाक्य घरी येऊन चार वेळा सांगितलं. तो मुलगा पुढे रविवारचा आमच्याकडे जेवायला यायला लागला आणि आजीच्या कवळीचा सल्लागार झाला.

खरा स्फोट झाला तो एका मुखपृष्ठावरून. मासिकावर ती "मोठ्या बाळ्यांची" होती. मामाने भिंग लावलं आणि ताडकन उठला. "हिला उजळलंय! कुणी तरी हिच्या गालावर हात फिरवलाय. माझाच धंदा आणि मला ओळखू येणार नाही होय?" आतल्या पानांवर ती तिच्या रंगाची होती, बाहेर दोन छटा उजळ. एवढी मोठी बाई, सगळं जग जिच्यासारखे कपडे घालतं, केस ठेवतं, तिलासुद्धा कुणी तरी न विचारता स्वल्प केलं होतं. मामाने अमेरिकेला रागाचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्र टाकून आला त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाला, "तिकडेही माझ्यासारखा एक जण खिडकीपाशी बसलाय." दुसऱ्या दिवशी त्याने कामावर जाऊन जाहीर केलं, की पुटकुळ्या काढीन, मिटलेले डोळे उघडीन, पण रंगाला हात लावणार नाही. आया भांडल्या, मालक भांडले. त्याच्याइतका डोळे उघडणारा दुसरा कारागीर मिळेना, म्हणून नोकरी राहिली.

आणि नेमकं त्याच वर्षी माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा पुण्याचा, कंप्यूटरमधला, आमच्याच शहरात इंदिरानगरला खोली घेऊन राहणारा. मुलाच्या आईला आधी फोटो हवा होता. आधीची चार स्थळं मला बघून गेली होती आणि पुन्हा आली नव्हती. मी रंगाने आईवर गेलेय. आई स्वतः स्टुडिओत गेली, सोबत मीही. ती काउंटरवर वाकली, सगळ्या आया वाकतात तशीच. "एवढी एकच कर. तुझी भाची आहे. स्वल्पच."

"अक्का, तुझ्या वेळी पण अप्पा स्वल्पच म्हणाले होते."

"त्यामुळे लग्न झालं की नाही माझं?"

"झालं. आणि सव्वीस वर्षं घरात दोन सुना नांदतायत. एक तू, एक मी काढलेली. हिच्या घरी दुसरी पाठवू?"

खरं सांगते, मला त्या क्षणी मामाचा भयंकर राग आला. दुसऱ्यांच्या मुली गोऱ्या करून झाल्या आणि माझ्या वेळी ह्याला तत्त्वं सुचली! मलाही उजळ व्हायचं होतं. मामाने मला पिवळी साडी नेसून यायला सांगितलं. पिवळा रंग मला जन्मात कुणी घालू दिला नव्हता. त्याने दोन्ही गालांच्या हाडांवर खोबरेलाचं बोट फिरवलं, पुढचे दिवे विझवले, एक दिवा बाजूला लावला आणि म्हणाला, "हसू नकोस. हनुवटी वर. त्यांनी पसंत करावं म्हणून बसलेली नाहीस, तू त्यांना बघायला बसलीयेस."

फोटो बघून मला वाटलं, ही कोण? आणि मग वाटलं, ही मी असेन तर बरं. तसाच तो पुण्याला गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. सोबत दोन ओळी होत्या: पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. आम्ही पत्रिका पाठवलीच नव्हती. आई रडली आणि तिने मामाशी बोलणं टाकलं. मामाने काय करावं? तोच परत आलेला फोटो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी कपाटात लावला. मालकांनी काढला, त्याने पुन्हा लावला. आई भाजीला लांबच्या रस्त्याने जायला लागली. मी मात्र मुद्दाम त्याच रस्त्याने जायची, आणि कपाटापुढून जाताना हनुवटी आपोआप वर व्हायची.

दोन-अडीच महिने मामा जेवायला आला नाही. मग एका रविवारी, आम्ही सगळे जेवायला बसलेले असताना, तो केसांचा पाट आणि भिकबाळी सावरत दारात उभा राहिला. हातात खाकी पाकीट. आत न येताच त्याने ते आईपुढे धरलं. "अक्का, तुझी निगेटिव्ह मी जपून ठेवली होती. टर्पेंटाइनने पुसली. एक-एक रेघ. फार मारल्या होत्या गं."

आत एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. काळी, कुरळ्या केसांची, कपाळावर उजेड घेऊन बसलेली. मला क्षणभर ती मीच वाटले. आईने तो फोटो डाव्या हाताने उजेडाकडे धरला. मग उष्ट्या हाताने उठली, आजीच्या ताटाशेजारी तो ठेवला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सासूच्या नजरेला नजर देऊन म्हणाली, "फोटोतली विचारत होतात ना? ही बघा."

आजीने चष्मा पुसला. फोटो जवळ नेला, लांब नेला. सुनेकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. आणि म्हणाली, "मग हाच का नाही पाठवलात?"

माझा मामा उंबऱ्यावर मान खाली घालून उभा होता. आईने त्याचं ताट वाढलं. आजीने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

माझं लग्न पुढे झालं, फोटोवरून नाही झालं एवढंच सांगते. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी कापडाचं दुकान आहे आणि त्याचं काम आता कुणाच्याही फोनवर बोटाने होतं. आईच्या घरी भिंतीवर ती आणि मी शेजारी शेजारी लावलेल्या आहोत. मामाचा मात्र धड फोटो नाही. जन्मभर तो कॅमेऱ्याच्या मागे. एकच आहे, त्या केनियाच्या मुलाने परत जाण्याआधी आमच्या अंगणात काढलेला. तो दाताचा डॉक्टर, उजेडाचं त्याला काय कळणार? फोटोत मामाचा चेहरा काळोखात गेलाय. सपाट केस, भिकबाळीचा ठिपका आणि हसतानाचे दात तेवढे दिसतात. मध्यंतरी मोठा करायला दिला, तर दुकानातला पोरगा म्हणाला, "थोडा ब्राइट करून देऊ का, आंटी?"

आई माझ्यामागे उभी होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बेडा. नको. आम्ही ओळखतो त्याला."