जेवताना उठणारे प्रवासी: शून्य

मी विमानं बनवतो, असा आमच्या गावी, मंठ्यात समज आहे. खरं म्हणजे मी खुर्च्या मांडतो. पुण्यात आमची टोळी एका अवाढव्य प्रवासी विमानाचा आराखडा करतेय. कार्बनच्या धाग्यांचं अंग, पोट आणि पंख एकसंध; आत नळीसारखी केबिन नाही, चक्क मंगल कार्यालयासारखा हॉल. इंजिनं, हवेचा दाब वगैरे हुशार लोकांकडं. माझ्याकडं खुर्च्या आणि त्यांच्यामधले बोळ.

बोळ कमी केले की हॉल अरुंद होतो, वजन घटतं. मी दोन बोळ उडवले आणि आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो. संगणकानं एवढंच विचारलं होतं: जेवण चालू असताना शेकडा किती प्रवासी जागेवरून उठतील? मी विचारही न करता शून्य टाकलं.

दोन वर्षांच्या त्या कामाची परीक्षा प्लायवूडच्या केबिनमध्ये झाली. सगळं ऑफिस खुर्च्यांत बसलं, जेवणाच्या गाड्या सुटल्या. दहाव्या मिनिटाला एक जण बाथरूमला उठला. त्याचं बघून आणखी दोघं. मग एकाला पाय मोकळे करायचे होते. थोड्याच वेळात बोळात दोन गाड्या, अकरा माणसं आणि मधोमध आमच्या मुख्य मॅडम, साडीवर डाळ.

"हे शून्य कुठून आणलंत?"

"मॅडम, आमच्याकडं पंगत संपेपर्यंत कुणी उठत नाही. शेजारी जेवणाऱ्याचा अपमान होतो."

"प्रवासी तुमच्या गावचे नाहीत. महिन्यानं पुन्हा चाचणी. तेव्हाही अडकलं, तर तुमचा आराखडा बाद."

मी एक बोळ परत आणला, गाड्या बारीक केल्या. नेमकं चाचणीच्याच दिवशी मंठ्यात चुलत बहिणीचं लग्न निघालं. पंगतीत बसलो, पहिला घास घेतला आणि खिशात फोन थरथरला. मॅडम! मी ताडकन उठलो.

वरणाची बादली घेतलेले काका गरजले, "कुठं निघाला रे? पंगत उठली न्हाई अजून!"

"काका, विमानाचा फोन हाय. जरुरी हाय."

"मंग काय, विमान मांडवात उतरून राह्यलंय का? बस खाली!"

चाळीस जणांच्या पंगतीत सगळ्यांचे घास हातातच थांबले. मी भिंतीला अंग घासत, पाहुण्यांच्या पाठीमागून पळालो.

"पास," मॅडम म्हणाल्या. "कुठंच अडकलं नाही."

नाचत परत आलो, तर माझी पत्रावळ उचललेली.

"झालं का तुझं विमान पास?" काकांनी विचारलं.

"झालं."

"बेस झालं. आता पुढच्या पंगतीला बस. उठलेल्याला परत वाढत न्हाईत."

मी उपाशीपोटी दारात उभा राहून हिशेब केला. चाळिसात एक, म्हणजे शेकडा अडीच. शून्य तर मंठ्यातसुद्धा चुकीचंच होतं.