मामांचं फास्टली

इंग्रजी भाषेला आमच्या मामांइतकी घाई आजवर कुणी लावली नसेल. फौजेत ट्रक चालवून ते कोरेगावजवळच्या आपल्या उसात परत आले, ते 'फास्टली' हा शब्द सोबत घेऊनच. त्याशिवाय त्यांचं इंग्रजी वाक्य संपतच नसे. पाहुण्याला 'सिट फास्टली', बैलाला 'टर्न फास्टली', आणि दुपारी मामी जरा आडवी झाली की तिला 'स्लीप फास्टली'! मी सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकवते. एकदा न राहवून म्हणाले, "मामा, फास्टला ली लागत नाही हो." मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आगं, ली न्हाई लावला तर जोर कुठनं येनार? गाडीला गिअर नगं का?"

हेही खपून गेलं असतं, पण त्यांच्या मुलानं जर्मनीत लग्न केलं आणि सून पहिल्यांदाच घरी आली. तिला मराठी येईना, मुलगा सोडला तर घरात जर्मन कुणाला येईना. तिला भेटायला मीही आले होते, पण इंग्रजीची आघाडी मामांनी स्वतःच सांभाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला निघायचं होतं. मुलगा गाडीत डिझेल भरायला गेलेला. सुनेपुढे पोह्यांची बशी सरकवत मामा मायेनं म्हणाले, "ईट फास्टली." मग दाराकडे बोट दाखवून, "गो फास्टली!" सुनेचा चेहराच उतरला. ती उठली, खोलीत गेली आणि बॅग भरायला लागली.

मी मागोमाग गेले, तर तिचे डोळे भरलेले. "मी त्यांना नकोय का?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी बाहेर येऊन मामांना सांगितलं मात्र, बर्फातल्या घाटात ट्रक काढणारा तो माणूस मटकन खाली बसला. "आरं द्येवा! पोरीला मी हाकललं व्हय?" मग हळूच विचारलं, "सावकाशला काय म्हंत्यात गं?"

"स्लोली."

सुनेच्या खोलीत सासऱ्यानं जायचं कसं, म्हणून मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "डॉटर, ईट स्लोली. सिट स्लोली. गो..." इथं ते अडखळले, माझ्याकडे पाहिलं, आणि ठासून म्हणाले, "नो गो!"

आतून आधी हुंदका आला, मग हसू. दर्शन झालं ते भर दुपारी, पाय पोळत. पण मामांनी एकदाही 'फास्टली' म्हटलं नाही.

सुट्टी संपल्यावर दोघं परत निघाली. गाडी सुरू झाली तरी मामा सुनेच्या खिडकीला हात लावून उभे. काहीतरी बोलायचं होतं, पण कुठल्याच भाषेतलं सापडेना. गाडी उसाच्या आड गेली. मामी म्हणाली, "आवं, चला की आत."

"थांब," मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "धुरळा तरी बसू दे."