कठडा नसलेला नकाशा

माझी भाची शेती केंद्रात नकाशे करते. तिथेच मी हयातभर माती तपासायचे खड्डे खणले. केंद्रात तिला चौकोनबाई म्हणतात. सगळं खोरं तिने संगणकात चौकोनांत बसवलं आहे. एकेक चौकोन आमच्या वस्तीएवढा. त्यात जे जास्त, त्याचा रंग पूर्ण चौकोनाला: पिकाला हिरवा, माळाला तपकिरी. शेती कुठे वाढेल, कुठे माळ होईल, नदीला पाणी किती उरेल, याचा अंदाज त्यावरून बांधतात. काम खरं आहे. कोण काय पेरतं आणि का सोडून देतं, हे विचारत ती दारोदार फिरली. टाचा फुटल्या, त्या मी पाहिल्या आहेत. फुकटचं कौतुक मी करत नाही.

केंद्राच्या मोठ्या साहेबाने त्याच नकाशावर शेतांच्या हद्दी ओढल्या. खोऱ्यासाठी केलेली गोष्ट बांधापर्यंत ताणली. तपकिरी चौकोनातली शेतं पडीक ठरवली आणि झाडं लावणाऱ्या कंपनीला द्यायला निघाला. माझ्या ताईचं, म्हणजे भाचीच्या आईचं, घेवड्याचं शेत खडकाळ माळाच्या मधोमध आहे. भोवती खडक, म्हणून तेही तपकिरी. माणसं आली आणि उभ्या पिकात लोखंडी खुंट्या ठोकून गेली.

ताई तडक केंद्रात आली. मी सोबत होतो. तिने शेंगांची परडी लेकीच्या टेबलावर उपडी केली.

"पोटच्या पोरीने मला पडीक ठरवलं," ती म्हणाली.

भाचीने समजावून पाहिलं. यावरून एका शेताचा निर्णय घेऊ नये, असं तिने नकाशाच्या तळाशी लिहिलं होतं. साहेबाने छापताना ती ओळ कापली. कागदावर मावत नव्हती म्हणे. ताईने अर्धंच ऐकलं. खुंट्यांना मी हात लावणार नाही, ज्याच्यामुळे ठोकल्या त्याने उपटाव्यात, एवढं बोलून ती चालू लागली.

माझं डोकं फिरलं होतं. साहेबावर, आणि पोरीवरही.

"खड्डा खणलास, मग कठडा कोण घालणार?" मी विचारलं.

"पाटी लावली होती, मामा."

"गुरांना वाचता येतं?"

"साहेबांना येतं," ती म्हणाली. "वाचूनच ओळ कापली, मला संताप त्याचाच आहे."

पुढचं मला शिपायाने सांगितलं. भाचीने नकाशाच बदलला. खोरं दिसतं, वस्त्या दिसतात. त्याहून जवळ जायला गेलं की पडदा कोरा. साहेब तणतणत आला, नकाशा बिघडला म्हणून.

"बिघडला नाही," ती म्हणाली. "तिथलं मला माहीत नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही. शेतं ठरवायची असतील तर चालत जाऊन बघा."

पहिल्यासारखा करून दे, साहेब म्हणाला. तिने सगळ्यांदेखत नकार दिला. तिची खुर्ची मातीच्या नमुन्यांच्या खोलीत गेली, खिडकी नसलेल्या. पण नकाशावाचून कंपनीला जमीन दाखवणार कशी? काम अडलं. शेत ताईकडेच राहिलं. साहेबही आपल्या खुर्चीतच आहे, हे मात्र मला अजून पचत नाही.

सुट्टीच्या दिवशी भाची शेतात गेली. खुंट्या खोल होत्या, हाताला फोड आले. मी मदत केली नाही. ताई बांधावर उभी होती.

"सरळ ओढ," ती म्हणाली. "वेल दुखावला तर घरी येऊ नकोस."

पोरगी सरळ ओढत राहिली.