पायाळूच्या वाट्याची वीज

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. एवढ्यावरून धुळ्याजवळच्या आमच्या गावानं ठरवून टाकलं की आभाळातली वीज माझाच पत्ता विचारत फिरते. गडगडलं की मला घरात कोंडायचे. बाकीच्या पोरी अंगणात गारा वेचायच्या आणि मी खिडकीतून बघत बसायची. मात्र कुणाची कंबर धरली की हीच अवलक्षणी पोर लागायची, कारण पायाळूची लाथ बसली की उसण जाते म्हणे. मी अगदी मनापासून लाथा घातल्या. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

लग्न होऊन गेले ती दीपनगरला, वीजकेंद्राच्या कॉलनीत! तिथं एकदा आम्हा बायकांना रबरी पुतळा देऊन, शॉक बसलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते शिकवलं. बाकीच्या हसत होत्या. मी घाम फुटेस्तोवर दाबत होते.

मग एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर माहेरी आले आणि वहिनीबरोबर कापूस वेचायला वावरात गेले. दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं, तशा बायका बांधावरच्या निंबाखाली पळाल्या. झाडाखाली थांबू नका, वावराच्या कडेला उभ्या असलेल्या भावाच्या जीपमध्ये चला, असं मी ओरडत होते. आमच्याबरोबर वेचणीला आलेल्या थोरल्या काकूनं मलाच हटकलं.

"तू आठे नको येऊ माय. तू पायाळू. तुनामुये आम्हनावर वीज पडी."

शिवाय जीप लोखंडाची आणि लोखंड वीज ओढतं, हे तिचं शास्त्र. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं आणि ती निंबाच्या खोडाला टेकून उभी राहिली. थोरल्या बाईचा शब्द मोडायचा कसा! मी रागानं एकटीच जीपमध्ये बसले आणि काचा वर केल्या. बंद गाडीवर वीज पडली तरी ती पत्र्यावरूनच जमिनीत उतरते, हे मला कॉलनीत कळलं होतं.

कानठळ्या बसल्या. डोळे उघडले तर निंबाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली होती. बायका पडल्या होत्या, पायांना मुंग्या आल्या म्हणून रडत होत्या. वहिनी रडत नव्हती. तिचा श्वासच चालत नव्हता.

मी धावले तशी काकू किंचाळली, "हात नको लावू! तिना आंगमा करंट शे!"

कुणी म्हणालं, शेणात पुरा, म्हणजे करंट उतरेल. माणूस काय बॅटरी आहे, करंट साठवून ठेवायला? पण वाद घालायला वेळ कुणाला होता!

"ती वीज मनीच व्हती ना? मंग माले काय व्हवाव नही. सरका!"

सरकल्या. जन्मात पहिल्यांदा पायाळूपण माझ्या कामी आलं. मी तिची छाती दाबत राहिले. मला भयंकर भीती वाटत होती, विजेची नाही, वहिनी जाईल याची. हात भरून आले, तरी थांबले नाही. आणि एकदम तिनं घशातून आवाज करत श्वास ओढला. तोवर भाऊ विहिरीकडून पळत आला आणि आम्ही तिला जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं.

ती जगली. एका कानानं ऐकू येईनासं झालं, तेवढंच. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. काकूनं सगळ्यांदेखत निकाल दिला, "पायाळू वावरमा उनी म्हनीसन वीज पडनी. आते हिले पावसायामा माहेरले नका बलावा."

माझं डोकंच फिरलं. "वीज निंबावर पडनी ना काकू? तो निंब काय पायाळू व्हता?"

लोक हसले, पण काकूचं मत तसूभर हललं नाही. माझं माहेर तुटतंय की काय, असं वाटून मी भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

वहिनी हळूच उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"काकू, तवय मी तुमनं आयकं," ती म्हणाली. "आते माले एकच कान ऱ्हायना. तो मी हिनाकरता ठेवेल शे."