नरसय्यामामांचा कान

यंत्रमागाचा अख्खा कारखाना खडखडत असताना नरसय्यामामा मधोमध डोळे मिटून उभे राहत आणि बोट दाखवत. "तिसरा माग. बोल्ट ढिला हाय." आणि तो ढिला निघायचाच! आमच्या शेजारचे हे मेकॅनिक. निवृत्त झाले तरी सोलापुरातले कारखानदार स्कूटर पाठवून त्यांना घेऊन जात.

मामांच्या खिशात काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर असे. ती त्यांची 'डबी'. एकदा त्यांनी आपला इअरफोन माझ्या नव्या लॅपटॉपला लावला आणि लगेच काढला.

"मास्तर, गाण्याच्या मागं कोणतरी भजी तळतंय की! माज्या डबीत बगा, मागं सगळं गप हाय."

माझा लॅपटॉप आणि भजी? मी रविवारी गल्ली गोळा केली. मामांना आमच्या ओसरीवर बसवलं, कानात इअरफोन, डोक्यावरून चादर. "एकदा लॅपटॉप, एकदा डबी. ओळखा!" मी नाटकातल्या राजासारखा गरजलो आणि दोन्ही वेळा लॅपटॉपच लावला.

पहिल्यांदा मामा म्हणाले, "भजी. लॅपटॉप."

दुसऱ्यांदा म्हणाले, "ही माजी डबी. गप हाय मागं."

मी चादर ओढली. वायर लॅपटॉपलाच! गल्ली खो खो हसली, मी कमरेत वाकून मुजरा केला. मामाही हसले, जरासे. "व्हय, गेला वाटतं कान."

लोक पांगल्यावर लॅपटॉप उचलला, तर मी लावून ठेवलेला चार्जर जमिनीवर लोळत होता. बोर्डात त्याच्या जागी इस्त्रीची पिन. बायको शर्टावर इस्त्री फिरवत म्हणाली, "तुमचं पहिलं गाणं संपलं तेव्हाच काढला. का हो?"

मी चार्जर लावून ऐकलं. भजी. काढून ऐकलं. गप.

मामांचं दार दहा पावलांवर होतं. मी गेलो नाही. किस्सा फारच झकास जमला होता हो! सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सांगितला, मग लग्नांत, निरोप समारंभांत, आणि दर वेळी इस्त्री गाळून.

आठवड्याने स्कूटर आली. मामा दारातूनच म्हणाले, "दुसरा बगा. आपला कान गेला. साऱ्या गल्लीनं बगितलं." मी खिडकीत होतो. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

पुढे स्कूटर यायची बंद झाली. मामांनी डबी मलाच आणून दिली. "तुमी तरी ऐका, मास्तर." मी ती घेतली. वर 'थँक्यू' म्हणालो.

यंदा मामा गेले. दहाव्याला कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तो चादरीचा किस्सा सांगा की." मामांची मुलगी कौतुकाने पुढे सरकून बसली. मी सांगायला लागलो, आणि पहिल्यांदाच इस्त्रीसकट सांगितला. कोणी हसलं नाही.

"हे बाबांना कळलं होतं का?" तिने विचारलं.

मी खिशातून डबी काढून तिच्या हातात दिली.